आंधळी मोजणी

प्रयोगशाळेत तिला सगळे बाई म्हणत, घरी आई मोठी म्हणे, आणि पिंजऱ्यातले पांढरे उंदीर काहीच म्हणत नसत, म्हणून तिचं उंदरांशी जास्त जमे.

तिचं काम होतं बघायचं. काचेच्या चौकोनी पेटीत एक उंदीर सोडलेला, वर कॅमेरा, आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर ती. उंदीर खायला लागला की एक बटण दाबायचं, अंग साफ करायला लागला की दुसरं, नुसता बसून राहिला की तिसरं. दिसायला सोपं काम, पण डोळे चुरचुरेस्तोवर करावं लागे. उंदराच्या अंग साफ करण्यालाही रीत असते. आधी पुढचे पंजे चाटून नाक पुसायचं, मग मिशा, मग डोळे, मग कानामागून हात खाली आणायचा, मग पोट, मग कुशी, आणि सगळ्यात शेवटी शेपूट. कुणी शिकवलेलं नसतं. पाठ असलेल्या गाण्यासारखं ते चालतं, एक ओळ आली की पुढची आपसूक ओठावर येते. मेंदूत डोपामाइन नावाचा जो रस असतो, त्याचं काम करणारं औषध टोचलं की उंदीर हे गाणं मध्येच सोडत नाही. शेपटीपर्यंत पोचतो आणि पुन्हा नाकापासून सुरू करतो. भूकही त्याच रसाच्या तालावर नाचते. कुठे किती टोचलं त्यावर ठरतं, उंदीर पोट फुटेस्तोवर खाणार की भरल्या भांड्यापाशी उपाशी बसणार.

कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे मात्र तिला माहीत नसे. माहीत असून चालतच नसे. बघणाऱ्याला आधीच ठाऊक असलं की डोळे लाडीगोडी करतात, जे हवं तेच दाखवतात. म्हणून सुया भरायचं काम दुसऱ्याकडे होतं. कुणाला काय टोचलं ते त्या एकट्याच्या पोटात. त्याच्याकडच्या यादीला किल्ली म्हणत, म्हणून सगळे त्याला किल्लीवाला म्हणत. या पद्धतीला ते आपसात आंधळी मोजणी म्हणत, आणि आयुष्यात मोठीचा कशावर विश्वास असेल तर तो या आंधळ्या मोजणीवर होता.

आई आजारी पडली ती चोरपावलांनी. आधी कप बशीवर वाजायला लागला, मग सही वाकडी यायला लागली, मग चालता चालता पाय जमिनीला चिकटायला लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. मेंदूतला तोच रस आटत चाललाय. जन्मभर ज्याच्या मागे मोठी उंदीर घेऊन धावली, तो तिच्याच घरातून आटत होता.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मोठी तळमजल्यावर राहायची, एकटी. तेव्हा आई कुणाकडे हा प्रश्न जिन्यानंच सोडवला. नाहीतर आईनं मोठीचं घर निवडलं असतं, असं दोघी बहिणींपैकी कुणीच धरून चाललं नसतं.

आई मोठीला कधी टाकून बोलली नव्हती. जेवण वेळेवर दिलं, शाळेची फी भरली, तापात कपाळावर पट्टी ठेवली. पण धाकटी जन्मली आणि आईचे हात तिकडे गेले ते गेलेच. धाकटीचे केस कमरेपर्यंत. रोज सकाळी आई तिला गुडघ्यांमध्ये घेऊन बसे, तेल, कंगवा, वेणी, आणि तोंडात एक गुणगुण. मोठीचे केस मात्र मानेपर्यंत कापलेले. तिचा गुंता सोडवत कोण बसणार, असं आई म्हणे, आणि त्यात राग नसे, काहीच नसे. मोठी दप्तर भरत भरत ती गुणगुण ऐके. मोठेपणी तिनं केस वाढवले आणि ते विंचरायला स्वतःचे दोन हात तिला पुरले.

डॉक्टरांनी नवी गोळी दिली, आटलेल्या रसाची नक्कल करणारी. देताना म्हणाले, "खाणं फार वाढलं, किंवा एखादीच गोष्ट पुन्हा पुन्हा करत बसल्या, तर मला लगेच कळवायचं. काहींना होतं तसं. तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्ही यातल्याच."

गोळी लागू पडली. आई चालायला लागली, बटणं लावायला लागली, बशीवरचा कप गप्प झाला. आणि मग बिस्किटांचे पुडे संपायला लागले. आधी मोठीला वाटलं, अंगात जीव आला, भूक लागतेय, लागू दे. पण लोण्याच्या डब्यात बोटाचे ओरखडे दिसायला लागले आणि उशीच्या अभ्र्यात साखरेचे कण सापडले.

त्याच सुमारास एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि बूट काढायला आईच्या पलंगापाशी बुटक्या स्टुलावर बसली. मागून केसांत एक हात आला.

"काय हे. घरटं झालंय नुसतं," आई म्हणाली. "हलू नकोस."

मोठी हलली नाही. एक बूट पायात, एक हातात, तशीच बसून राहिली. कंगवा टाळूवरून मानेपर्यंत उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. आईच्या गुडघ्यांची ऊब दोन्ही खांद्यांना लागली. आणि मग ती गुणगुण आली, दप्तर भरताना लांबून ऐकलेली, आता थेट कानामागे.

केसामागे केस, किती गुंता गं सोडवू,
लेक निघाली दाराशी, तिला कशी मी अडवू.

पन्नाशीला आलेली बाई स्टुलावर बसून रडली. आईला पाठच दिसत होती, म्हणून बरं.

काय चाललंय ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. कळणं हा तिचा धंदाच होता. आई भांग पाडी, मग कानशील, मग कानामागे, मग तीन पेड, मग रबर. रबर लावून झालं की ते काढी आणि पुन्हा भांगापासून सुरू करी. क्रम चुकत नसे. मध्येच हाक मारली तर वैतागे, पण हात थांबत नसत. टाळू हुळहुळी झाली, आईच्या अंगठ्याला फोड आला, तरी वेणी घातली जायची आणि सोडली जायची. आत कुठेतरी मोठीचं बोट बटणावर पडत होतं. खाणं. साफसफाई. खाणं. साफसफाई. आणि तरीही रोज संध्याकाळी ती घाईघाईनं घरी यायची, स्टुलावर बसायची आणि केस मोकळे सोडायची.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून भुवई उचलली. "खाण्याचं काय?"

आईनं मोठीकडे पाहिलं. मोठी म्हणाली, "ठीक आहे. भूक बरी लागते आता."

"बाकी काही विचित्र?"

"काही नाही."

त्या दिवशी प्रयोगशाळेत डबा खाताना तिनं किल्लीवाल्याला विचारलं, "एका उंदरानं दुसऱ्याचं अंग चाटलं, तर ते माया म्हणून की औषध म्हणून, हे कसं ओळखायचं?"

"बाई, मायेचं बटण आपल्याकडे नाही," तो घास चावत म्हणाला. "औषध काढून घ्यायचं आणि बघायचं. उरली तर माया."

"आणि नाही उरली तर?"

"तर उंदीर बदलायचा." तो आपल्याच विनोदावर खुश होऊन हसला. तीही हसली आणि अर्ध्या डब्याला झाकण लावलं.

तरी तिनं काही केलं नसतं. धाकटी भेटायला आली नसती तर ते दिवस तसेच गेले असते.

धाकटी आली तेव्हा आईचा कंगवा चालूच होता. धाकटी दारात उभी राहून बघत राहिली, मग खो खो हसत सुटली. तिचे केस आता विरळ झालेले, वर क्लिप लावून दडपलेले.

"अगं ताई, हा तर माझा भांग," ती म्हणाली. "डावीकडे, कानावरून उतरता. तुझा मधोमध असतो. आणि कानामागे दोनदा, कारण माझ्या तिथे भोवरा होता. आई, कुणाचं डोकं धरलंयस बघ तरी."

आई म्हणाली, "मध्ये बोलू नकोस, पेड सुटतो."

"आणि गाणंही माझंच. ताई, भाडं दे मला." धाकटीच्या मनात काही नव्हतं. तिला घरात नेहमीच मिळत आलं होतं, म्हणून मत्सराची सवयच नव्हती. ती चहा पिऊन, आईचा गालगुच्चा घेऊन निघून गेली.

मोठी न्हाणीघरात गेली आणि आरशात पाहिलं. भांग डावीकडे होता. तिच्या कानामागे भोवरा नव्हता. आईच्या बोटांत चाळीस वर्षांपूर्वीची सकाळ भरून ठेवलेली होती आणि गोळीनं तिची किल्ली फिरवली होती. समोर कुणाचंही डोकं आलं असतं तरी चाललं असतं. उशीला केस असते तर उशीही चालली असती.

किंवा तसं नसेल. हात जुने असतील, पण माया नवी असेल. या ‘किंवा’वर ती रात्रभर टांगून राहिली आणि सकाळी उठून तिनं तेच केलं, जे तिला येत होतं.

आईच्या गोळ्या डबीत तीच भरायची. नव्या गोळीसारखी दिसणारी, तशीच पांढरी आणि मध्ये रेघ असलेली कॅल्शियमची गोळी औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळे. तिनं ती आणली आणि सकाळच्या खणांत नव्या गोळीच्या जागी ठेवली. बाकीच्या गोळ्यांना हात लावला नाही. थोडेच दिवस, असं स्वतःला बजावलं. नाहीतरी डॉक्टरांनी कमी करायलाच सांगितली असती.

पहिल्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखी वेणी घातली. नंतर घातली ती सैल, एकदाच. मग एका संध्याकाळी मोठी स्टुलावर बसली, केस सोडले, आणि मागून काही आलं नाही. ती वाट बघत राहिली. समोर भिंत होती, भिंतीवर पंख्याची सावली फिरत होती. वळून बघितलं तर मोजणी बिघडेल, असं तिला वाटलं. बघणाऱ्याची हालचाल उंदराला दिसता कामा नये, हा पहिला धडा. म्हणून ती पाठ करून बसली, ताठ, आणि कानांनी मोजत राहिली. पलंग कुरकुरला. श्वास आला, गेला. कंगवा नाही, गाणं नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि हातानंच केस गुंडाळून रबर लावलं. मिळालं उत्तर, ती मनात म्हणाली, आणि त्या म्हणण्यात एक घाणेरडं समाधान होतं. आपण पहिल्यापासून खरे होतो याचं. लहानपणी दप्तर भरताना जे वाटलं होतं ते बरोबर होतं याचं.

तिथेच थांबून गोळी परत ठेवली असती तरी पुष्कळ झालं असतं. पण एकदा आलेलं उत्तर ती कधी खरं धरत नसे. पुन्हा तपासायचं ही शिस्त होती. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा पाठ करून बसली, तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. आईनं बिस्किटं मागितली नाहीत. ताटातलं ताटात राहिलं. तेही तिनं मनातल्या बटणावर नोंदवलं, खाणं घटलं, जसं घटायला हवं तसं.

मग एका सकाळी ती चहा घेऊन गेली तर आई छताकडे बघत पडली होती. डोळे उघडे, चेहरा लाकडाचा. तोंडात घातलेला चमचाभर चहा आत गेला नाही, ओघळून कानापर्यंत आला.

इस्पितळात नळ्या लागल्या. धाकटी धावत आली, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरीच. डॉक्टरांनी आईचा कोपर वाकवून पाहिला, गंजलेल्या बिजागरीसारखा तो टप्प्याटप्प्यानं वाकला.

"गोळ्या चुकल्या का?" त्यांनी विचारलं.

"ताईच्या हातून? घड्याळ चुकेल," धाकटी म्हणाली.

"मग आजारच पुढे सरकलाय. गोळीची मात्रा वाढवावी लागेल. पूर्वीपेक्षा बरीच."

मोठीला ती मात्रा ऐकू आली आणि त्याच क्षणी खांद्यांना ऊब लागली. नुसतं गप्प बसायचं होतं. आई बरी होईल, घरी येईल, तिला हात फुटतील, रात्रंदिवस थांबणार नाहीत असे हात. भांग कुणाचाही असो. साखर वाढेल, अंगठ्याला फोड येतील, पण गाणं थेट कानामागे येईल. तिच्या आयुष्यात तिनं एक खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि इथे तर लिहायचाही नव्हता, नुसतं ओठ मिटून घ्यायचे होते.

"मी काढली," ती म्हणाली. "ती गोळी. कॅल्शियमची ठेवली तिच्या जागी."

मग तिनं उरलेलं सगळं सांगितलं. बिस्किटं, साखर, वेण्या, मागच्या भेटीत लपवलेलं. बोलताना तिचा आवाज बैठकीत निष्कर्ष वाचावेत तसा सपाट निघत होता आणि तिला तो बदलता येईना.

"कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं. "त्रास होतोय म्हणून बंद केली असती तर समजलो असतो. त्या गोळीसारखी दिसणारी शोधून आणलीत, ती कशासाठी?"

"हात तरीही येतात का, ते बघायचं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अशी गोळी एकदम तोडली की माणूस दगड होतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. सगळं माहीत होतं. रस आटवलेला उंदीर अन्नाच्या भांड्यापाशी उपाशी मरतो, आणि त्याच्याच जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला तर ओठ चाटतो. त्याची आवड मेलेली नसते, पाय मेलेले असतात. म्हणून त्यांच्याकडे नियम होता की काहीही मोजण्याआधी उंदीर चालू शकतो का ते पाहायचं. तिनंच तो नव्या लोकांना शिकवला होता. घरी स्टुलावर बसताना तो तिला आठवला नाही. केस सोडलेले होते, तेव्हा नाही आठवला.

दुसऱ्या औषधानं आई हळूहळू सैल झाली. आधी पापण्या, मग जीभ. बोलायला लागली त्या दुपारी धाकटी औषधं आणायला खाली गेली होती.

"मोठे," आई म्हणाली. आवाज पाण्याखालून यावा तसा. "पाठ करून बसायचीस."

"हो."

"कंगवा हातात होता माझ्या. मांडीवर. हात वर जाईना."

मोठीनं पलंगाची कड धरली. "हाक मारायचीस, आई."

"आवाज कुठे निघत होता. वाटलं, आता वळेल. एकदा वळून बघेल." आईनं डोळे मिटले. "तू वळलीच नाहीस."

विचारू नये ते तिनं विचारलं. "माझे विंचरायचे होते, की धाकटीचे?"

आईनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अजून मोजतेसच का?"

इस्पितळातून आई धाकटीकडे गेली. चार माणसांनी खुर्चीसकट उचलून तिसऱ्या मजल्यावर नेली, आणि आता ती खाली उतरणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. गोळ्यांची डबी धाकटीनं मोठीच्या पिशवीतून स्वतः काढून घेतली. भांडली नाही. इतकंच म्हणाली, "ताई, तू नुसती येत जा. भेटायला."

मोठी सुट्टीच्या दिवशी जाते. तिसरा मजला चढून दम लागतो. धाकटी दोघींना खोलीत एकटं सोडत नाही. दाराशी काहीतरी निवडत किंवा घडी घालत बसते, आणि दोघी बहिणी तसं काही नाही असं दाखवतात. नवं औषध बेताचं आहे. आई पलंगापासून खिडकीपर्यंत चालते, वाढलं तेवढं खाते, हात मांडीवर ठेवते. वेण्यांचं नाव नाही. बोलणं होतं ते हवेचं, पाण्याचं, खालच्या रस्त्यावर खणून ठेवलेल्या खड्ड्याचं.

परवा गेली तेव्हा आईच्या पुढ्यात बशीत पेरूच्या फोडी होत्या. मोठी येऊन बसली, पदरानं घाम टिपला. आईनं बशीतली एक फोड उचलली, तिच्यावरच्या बिया नखानं काढल्या, अगदी सावकाश, आणि हात लांब केला. हात थरथरत होता. थरथरत तो मोठीच्या तोंडापाशी आला.

"जिने चढून आलीस," आई म्हणाली. "खा."

कुणी मागितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. मोठीनं त्या फोडीकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, कंप किती आहे ते पाहिलं. मग मान वळवून दाराकडे विचारलं, "मात्रा वाढवली का गं?"

धाकटीचे हात घडीवर थांबले. "नाही," ती म्हणाली. "कमीच केलीय उलट."

मोठी परत वळली तेव्हा आईचा हात मागे गेला होता. आई ती फोड स्वतःच खात होती, खिडकीबाहेर बघत, नीट चावून.